चेहरा-हजेरीचं यंत्र काळ्या कामगारांना ओळखत नसेल तर: कॅमेरा, थ्रेशोल्ड आणि पत्रातला तो शब्द

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत आहात. चेहरा पाहून हजेरी लावणारं तुमचं यंत्र नैरोबीजवळच्या एका कारखान्याच्या गेटवर बसवलंय, कामगार साधारण ९००. सकाळच्या पाळीला अनेकांना तीन-चार वेळा चेहरा दाखवावा लागतो, काहींची हजेरी लागतच नाही आणि उशिरापोटी पैसे कापले जातात. दोघी जणींची हजेरी तर एकमेकींच्या नावावर पडली. तिथल्या कामगार प्रतिनिधींनी पत्र पाठवलं, त्यात 'वंशभेदी यंत्र' असा शब्द आहे. साहेब चिडले. म्हणाले, यंत्राला कसला आलाय वंश, थ्रेशोल्ड, म्हणजे जुळणीची अट, खाली करून द्या आणि विषय संपवा. तुम्ही विचारताय की साहेबांचं बरोबर आहे का, आणि आता काय करू.

मी गेली १६ वर्षं बोट, बुबुळ आणि चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांच्या चाचण्या करते. तेव्हा घाईचं उत्तर आधी देते: थ्रेशोल्ड खाली करू नका. निदान मी खाली लिहिलंय ते वाचेपर्यंत तरी नको.

तुमच्याकडे दोन वेगवेगळे बिघाड आहेत आणि पत्रात, साहेबांच्या बोलण्यात आणि तुमच्या प्रश्नातही ते एकत्र झालेत. पहिला बिघाड, माणूस समोर उभा असून यंत्र त्याला ओळखत नाही. दुसरा, यंत्र एका माणसाला दुसराच समजतं. दोन्ही त्रास त्याच कामगारांना होतोय, म्हणून ते एकच वाटतात. पण पहिल्याचं मूळ बहुतेक वेळा कॅमेऱ्यात असतं आणि दुसऱ्याचं मॉडेल, म्हणजे चेहरे जुळवणारा प्रोग्रॅम, कोणत्या चेहऱ्यांवर शिकवलं त्यात. थ्रेशोल्ड म्हणजे दोन फोटो किती जुळले की 'हाच तो' म्हणायचं, ती रेषा. ती खाली आणली की पहिल्या बिघाडाच्या तक्रारी कमी होतील, आणि दुसरा बिघाड वाढेल. रांग झटपट सरकेल, पण एकीचा पगार दुसरीच्या खात्यात जाण्याचे प्रसंग वाढतील. असे प्रसंग रांगेत दिसत नाहीत, ते महिनाअखेरीस दिसतात.

आता कॅमेरा. सकाळीच त्रास होतो, संध्याकाळी फारसा नाही, असं तुम्ही लिहिलंय. हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा तपशील आहे. नैरोबी विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. तिथे सूर्य वर्षभर साधारण साडेसहाच्या आसपासच उगवतो, त्यामुळे सातच्या पाळीला तो बारा महिने क्षितिजालगत असतो. तुमचं यंत्र पूर्वेकडे तोंड करून असेल, तर कामगाराच्या पाठीमागे लख्ख आकाश येतं. कॅमेरा अख्ख्या चौकटीची सरासरी काढतो, 'फार उजेड आहे' असं ठरवतो आणि एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा प्रकाश, कमी करतो. गोऱ्या किंवा गव्हाळ चेहऱ्याचं त्यात थोडं नुकसान होतं. गडद चेहऱ्यावरून मुळात कमी प्रकाश परततो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी, नाकाची कड, ओठांची रेषा हे सगळं सेन्सरच्या खरखरीत बुडून जातं. मॉडेलला पुढे फोटो मिळतो, त्यात चेहऱ्याची माहितीच उरलेली नसते.

साहेब इथे म्हणतील, बघा, हे तर भौतिकशास्त्र झालं. अर्धंच खरं. त्वचेवरून प्रकाश किती परततो हे निसर्गाचं, पण एक्स्पोजर चौकटीच्या सरासरीवर ठरवायचं की चेहऱ्यावर, हे एका माणसाने टेबलाशी बसून ठरवलेलं असतं. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने ११ यंत्रणांवर स्वयंसेवक उभे करून चाचण्या केल्या. २०१९ साली त्यांचे निष्कर्ष आले. त्वचेवरून परतणारा प्रकाश कमी असेल तर ओळखायला वेळ जास्त लागतो आणि चुकाही वाढतात, हे त्यांत दिसलं. पण हा फरक प्रत्येक यंत्रणेत वेगळा होता, चांगल्या कॅमेऱ्यांत तो फार थोडा उरला होता. माणसं तीच, त्वचा तीच, आणि कॅमेरा बदलल्यावर निकाल बदलतो.

हे नवीनही नाही. फिल्मच्या काळात कोडॅक ही फिल्म बनवणारी कंपनी रंगांचा मेळ साधण्यासाठी प्रयोगशाळांना एक नमुना-फोटो पाठवत असे. त्यावर गोरी तरुणी असायची, त्या कार्डाला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा नीट आली की फिल्म ठीक. शाळेच्या गटफोटोत काळ्या मुलांचे फक्त डोळे आणि दात दिसतात, ही पालकांची तक्रार वर्षानुवर्षं होती. तपकिरी छटा सुधारण्याचं काम पुढे नेटाने झालं त्यात लाकडी फर्निचर आणि चॉकलेटच्या जाहिराती करणाऱ्यांच्या तक्रारींचा मोठा हात होता, हे कोडॅकमधल्या जुन्या लोकांनीच नंतर सांगितलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ सुन्न बसले होते. मुलांच्या चेहऱ्यांसाठी जे झालं नाही ते चॉकलेटसाठी झालं.

दुसऱ्या बिघाडाकडे येते. उजेडाचं कारण पुढे करून तो झटकता येत नाही. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये चेहरे जुळवणाऱ्या १८९ अल्गोरिदमचा अहवाल काढला. तपासलेले फोटो १ कोटी ८० लाखांहून अधिक, माणसं सुमारे ८५ लाख. अनेक अल्गोरिदममध्ये आफ्रिकी आणि आशियाई चेहऱ्यांची परक्याशी गल्लत होण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या तुलनेत १० ते १०० पट निघालं. पश्चिम आणि पूर्व आफ्रिकेतल्या लोकांच्या बाबतीत ते सर्वांत जास्त असलेल्या गटांत होतं, म्हणजे तुमच्या गेटवर उभे असतात तेच लोक. तपासणीत वापरलेल्या फोटोंत अर्जांसाठी काढलेले, व्यवस्थित उजेडातले फोटोही होते. आणि एक गोष्ट मला फार बोलकी वाटते: चीनमध्ये तयार झालेल्या काही अल्गोरिदमना पूर्व आशियाई चेहऱ्यांची अशी अडचण आली नाही. मॉडेलने जे चेहरे भरपूर पाहिलेत त्यांच्यात ते बारकावे शोधतं, जे पाहिले नाहीत ते सगळे त्याला सारखे दिसतात.

याचा तुमच्या ९०० जणांशी हिशेब लावून बघा. समजा तुमची रेषा अशी ठेवलीय की लाखात एका जोडीची गल्लत व्हावी. ज्या गटासाठी मॉडेल ५० पट कच्चं आहे, त्याच्यासाठी ती दोन हजारांत एक होते. गेटवर आलेल्या प्रत्येक चेहऱ्याची तुलना यादीतल्या सगळ्या ९०० चेहऱ्यांशी होते. म्हणजे दर तीन माणसांत एकाच्या बाबतीत यादीतला कोणीतरी परका ती रेषा ओलांडतो. बहुतेकदा खऱ्या माणसाचा जुळणीचा स्कोअर त्याहून वर असतो म्हणून निभावतं. पण खऱ्या माणसाचा फोटो त्या सकाळी काळवंडलेला असेल तर परका पुढे जातो. तुमच्या त्या दोघी जणींचं असंच झालं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. खात्रीने सांगता येणार नाही, कारण मी लॉग, म्हणजे यंत्रातल्या नोंदी, पाहिलेला नाही. नावनोंदणीच्या वेळी फोटोंची अदलाबदल झाली असेल तरी हेच दिसेल, आणि तसं असेल तर दुरुस्ती दहा मिनिटांची. ते आधी तपासा.

आता साहेबांचा प्रश्न. यंत्राला वंश कसला? २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोघी संशोधकांनी तीन कंपन्यांच्या, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते सांगणाऱ्या, प्रणाली तपासल्या. बुओलाम्विनीचे आईवडील घानाचे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात काम करताना कॅमेऱ्यासमोर पांढरा मुखवटा धरल्यावरच यंत्राला आपला चेहरा सापडतो, हा तिचा स्वतःचा अनुभव होता. त्यांनी नमुना म्हणून रवांडा, सेनेगल, दक्षिण आफ्रिका, आइसलँड, फिनलंड आणि स्वीडन या देशांतल्या १,२७० संसद सदस्यांचे फोटो घेतले. उजळ पुरुषांसाठी चूक फार तर ०.८ टक्के, गडद त्वचेच्या स्त्रियांसाठी ३४.७ टक्क्यांपर्यंत. (हे लिंग ओळखण्याचे आकडे आहेत, माणूस ओळखण्याचे नाहीत. लोक ते सर्रास मिसळतात, तुम्ही पत्रात मिसळू नका.) त्या प्रणाली करणाऱ्या कोणालाही काळ्या स्त्रियांशी वैर नव्हतं. त्यांनी एकूण सरासरी पाहिली, ती छान होती, आणि माल बाजारात गेला. पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी झाली तेव्हा ज्यांची नावं जाहीर झाली होती त्यांच्या चुका बऱ्याच घटल्या होत्या. म्हणजे जमत होतं. कोणी विचारलं नव्हतं.

इथे मला माझंही सांगायला हवं. आमच्या प्रयोगशाळेत चाचणीच्या फोटोंचा एक फोल्डर होता, 'अवघड चेहरे'. नाव मीच दिलं होतं. कितीतरी वर्षं त्यात काय जमा होतंय याकडे माझं लक्ष गेलं नाही. पुण्यात शिकणारा दक्षिण सुदानचा एक विद्यार्थी आमच्याकडे इंटर्न म्हणून आला. त्याने फोल्डर उघडला, खाली-वर करून पाहिला आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, हे कोणाला अवघड जातात?" फोल्डरमधले जवळजवळ सगळे चेहरे त्याच्यासारखे होते. अवघड चेहरा नव्हता, आमचा कॅमेरा आणि मॉडेल तोकडं होतं, आणि आम्ही त्या तोकडेपणाचं नाव त्या माणसांना दिलं होतं. तेव्हापासून मी चाचणीचा अहवाल लिहिताना सरासरी शेवटी लिहिते. सर्वांत वाईट निकाल कोणत्या गटाचा, ते पहिल्या ओळीत.

म्हणून पत्रातल्या त्या शब्दावर वाद घालू नका. प्रतिनिधी तुमच्या मनात द्वेष आहे असं म्हणत नाहीत. चूक कोणाच्या वाट्याला येते आणि तिची किंमत कोण भरतं, हे ते सांगतायत. आत्ता ती किंमत कामगार भरतोय, कापलेल्या पगारातून. ब्रिटनमध्ये पा एद्रिसा मांजांग हा कृष्णवर्णीय माणूस उबर ईट्ससाठी घरपोच जेवण पोचवायचा. ॲप पुन्हा पुन्हा सेल्फी मागू लागलं, आणि २०२१ साली चेहरा जुळत नाही म्हणून त्याचं खातंच बंद झालं. न्यायाधिकरणापर्यंत लढल्यावर २०२४ मध्ये तडजोड होऊन त्याला पैसे मिळाले. अमेरिकेत डेट्रॉइट पोलिसांनी रॉबर्ट विल्यम्स यांना जानेवारी २०२० मध्ये घरासमोर, बायकोमुलींच्या देखत अटक केली. दुकानातल्या चोरीच्या धूसर चित्रणाशी यंत्राने त्यांच्या लायसन्सचा जुना फोटो जुळवला होता. जवळपास ३० तास ते कोठडीत होते. २०२४ च्या तडजोडीत पोलिसांना मान्य करावं लागलं की केवळ यंत्राच्या जुळणीवर कोणाला अटक करायची नाही.

अचूकता वाढवली की काम झालं, असंही मात्र समजू नका. माणूस ओळखायची ही विद्या कुठून कुठे गेली ते आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असावं. बोटांच्या ठशांचं वर्गीकरण कलकत्त्यात झालं. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ते बसवलं, आणि नाव झालं त्यांचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांचं. हेन्रींना १९०० साली जोहान्सबर्गची पोलीस व्यवस्था उभारायला पाठवलं आणि ही पद्धत तिथे पोचली. पुढे तिथल्या भारतीयांवरही ठशांची सक्ती आली, म्हणून ऑगस्ट १९०८ मध्ये जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीबाहेर दोन हजारांहून अधिक नोंदणीचे परवाने जाळले गेले. काळ्या आफ्रिकनांना तर वर्णभेदी राजवटीत 'पासबुक' नावाचं ओळखपत्र बाळगल्याशिवाय स्वतःच्याच देशात फिरता येत नसे. त्याविरुद्ध शार्पव्हिलला जमलेल्यांवर २१ मार्च १९६० रोजी गोळीबार झाला, ६९ माणसं गेली.

त्या पासबुकांवरचे फोटो मिनिटाभरात निघायचे, ते पोलरॉइड या झटपट फोटोच्या अमेरिकी कंपनीच्या यंत्रणेवर. १९७० साली पोलरॉइडच्याच मॅसॅच्युसेट्समधल्या कार्यालयात कॅरोलिन हंटर ही रसायनतज्ज्ञ आणि केन विल्यम्स हा छायाचित्रकार, दोघेही कृष्णवर्णीय कर्मचारी, जेवायला बाहेर पडत होते. भिंतीवर त्यांना दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याच्या ओळखपत्राचा नमुना दिसला. त्यांनी चौकशी केली, सहकारी जमवले, बहिष्काराची हाक दिली. हंटरची नोकरी गेली. सात वर्षांनी, १९७७ मध्ये, पोलरॉइडला दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडावं लागलं. त्या यंत्रणेचे फोटो उत्तमच यायचे. अडचण ते कशासाठी काढले जात होते याची होती. तुमच्या गेटवरचा डेटा पगारासाठी आहे की कोण युनियनच्या सभेला गेलं ते पाहण्यासाठी, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. केनियात २०१९ पासून डेटा संरक्षण कायदा आहे. २०२१ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सरकारच्याच हुडुमा कार्डाचं, म्हणजे राष्ट्रीय ओळखपत्राचं, वाटप बेकायदा ठरवलं, कारण लोकांच्या माहितीवर होणाऱ्या परिणामांचं मूल्यमापन आधी झालं नव्हतं. तुमच्या कंपनीने असं मूल्यमापन केलंय का, तेही विचारा.

करायचं काय, ते आता सांगते. आजच्या आज कारखान्याला कळवा की यंत्राच्या नकारावरून कोणाचाही पगार कापू नये. गेटवर कागदी मस्टर ठेवा, दोन प्रयत्नांत चेहरा लागला नाही तर सही करून माणूस सरळ आत जाईल. मागच्या कापलेल्या रकमा परत करायला सांगा. हे तांत्रिक काम नाही म्हणून आपण टाळतो, पण कामगाराच्या दृष्टीने पहिली दुरुस्ती हीच आहे.

मग लॉग काढा, माणसागणिक. साहेब '९८ टक्के यशस्वी' म्हणत असतील तर ९०० जणांत उरलेले दोन टक्के म्हणजे रोजचे १८ जण, आणि माझ्या अनुभवात ते रोज वेगळे नसतात, तेच तेच असतात. नकार कोणत्या टप्प्यावर होतोय ते बघा: चेहरा सापडलाच नाही, सापडला पण फोटोचा दर्जा नाकारला, जिवंत माणूस आहे की फोटो या तपासणीत अडला, की जुळणीत. पहिल्या तीन टप्प्यांत असेल तर थ्रेशोल्डला हात लावून काहीच होणार नाही.

कॅमेऱ्यासाठी यंत्राची दिशा फिरवा किंवा मागे साधी अपारदर्शक भिंत उभारा, वर पत्र्याची झडप द्या. एक्स्पोजर चेहऱ्याच्या चौकटीवर मोजायची सेटिंग बहुतेक मॉड्यूलमध्ये असते, फक्त बंद असते. दोन्ही बाजूंनी मंद, पसरणारा दिवा लावा. समोरून झोत टाकू नका, गडद त्वचेवर तो चकाकतो आणि तपशील पुन्हा जातो. मग सगळ्यांची नावनोंदणी त्याच गेटवर, त्याच कॅमेऱ्याने परत करा. ओळखपत्राच्या फोटोवरून नोंदणी झाली असेल तर निम्मा घोळ तिथेच आहे.

अदलाबदलीवर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ९०० जणांत शोधणं बंद करणं. कामगाराने कार्ड टेकवायचं किंवा क्रमांक दाबायचा, मग यंत्राने फक्त त्याच्याच फोटोशी तुलना करायची. दोन सेकंद जास्त जातात, पण नऊशे तुलनांची एक होते. याउपरही आकडे वाईट असतील तर मॉडेल बदलावं लागेल. विकणाऱ्याकडे पूर्व आफ्रिकी स्त्रियांसाठीचे निकाल वेगळे मागा. ते नाहीत असं तो म्हणाला तर तेही एक उत्तरच समजा.

चाचणीसाठी चेहरे हवेत म्हणून फुकटचे गोळा करू नका. २०१८ साली झिंबाब्वे सरकारने चीनच्या क्लाउडवॉक कंपनीशी करार केला, त्यातून तिथल्या नागरिकांचे चेहरे मॉडेल सुधारायला मिळणार होते. नागरिकांना कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही पुण्यात आहात, इथे आफ्रिकेतले पुष्कळ विद्यार्थी आहेत. त्यांना इथे खोली मिळवताना काय ऐकावं लागतं ते तुम्हाला माहीत असेल, तेव्हा बोलावताना मानाने बोलवा, समजेल अशा भाषेत लेखी संमती घ्या, चाचणीचं मानधन द्या आणि काम झाल्यावर फोटो पुसा. त्वचेची नोंद करायला दहा छटांची मंक श्रेणी वापरा. जुनी फिट्झपॅट्रिक श्रेणी उन्हाने त्वचा किती भाजते ते मोजायला केलेली आहे, गडद छटांतला फरक तिच्यात नीट येत नाही.

साहेबांशी कसं बोलायचं हे तुमच्या घरच्या परिस्थितीवर आणि त्या कंपनीतल्या तुमच्या वजनावर अवलंबून आहे, ते मी इथून ठरवू शकत नाही. पण लॉगमधल्या त्याच त्याच अठरा जणांची यादी छापून त्यांच्या टेबलावर ठेवलीत तर 'वंश' या शब्दावर भांडायची गरज पडणार नाही. प्रतिनिधींना उत्तर मात्र लवकर द्या, आणि त्यात कापलेल्या पैशांचा उल्लेख पहिल्या वाक्यात असू द्या.

लॉग काढलात की टप्प्यांचे आकडे इथेच टाका, मी बघते. कामगारांची नावं आणि फोटो मात्र टाकू नका.